मालवणची बॅग, खाऱ्या हवेच्या हिशोबाने

नौपाडा, ठाणे
सोमवार, रात्र

शुक्रवारी रात्री कोकणकन्या. मध्यरात्रीच्या जरा आधी ठाण्याला चढायचं, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून मालवण साधारण 30 किलोमीटर आणि पुढे तारकर्ली. चार माणसं, तीन रात्री, मुक्काम एका घरगुती निवासात. एप्रिल संपत आलाय, त्यामुळे बॅग उघडली की हात आपोआप टोपी, गॉगल आणि सुती कपड्यांकडे जातो. उन्हाची तयारी कुणाला सांगावी लागत नाही. पण किनाऱ्यावरच्या सुट्टीत कपड्यांना कुबट वास येतो, मांड्या सोलवटतात, चेन अडकते, फोन चार्ज होत नाही, यातलं काहीच उन्हामुळे होत नाही. हे सगळं ओल आणि मीठ मिळून करतात. म्हणून या वेळची बॅग त्या जोडीच्या हिशोबाने भरायची.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते आठवावं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास पोचली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळायला लागतं. समुद्रात भिजलेला टी-शर्ट तसाच दांडीवर टाकला तर पाणी उडून जातं, मीठ धाग्यांत राहतं. दुपारी तो कडक, वाळलेला वाटतो. रात्री आर्द्रता चढली की तोच पुन्हा ओलसर. सकाळी लोक म्हणतात, "इथे कपडे वाळतच नाहीत." वाळतात, पण मीठ काढलं तर.

मीठ काढायला पाणीही फार लागत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. पिळलेल्या कपड्यांत मिळून अर्धा लिटर खारं पाणी उरलंय असं धरू. ते कपडे 10 लिटर गोड्या पाण्यात एकदा खळबळून पिळले तर मिठाचा साधारण विसावा भाग आत राहतो. तेच 10 लिटर पाच-पाच लिटरच्या दोन हप्त्यांत वापरलं, मध्ये एकदा नीट पिळून, तर शंभराव्या भागाहूनही कमी राहतं. पाणी तेवढंच, फरक केवढा! एप्रिल-मे हे कोकणात विहिरी तळाला जाण्याचे दिवस, त्यामुळे यजमानांच्या घरी बादलीमागून बादली ओतण्यापेक्षा ही रीत बरी.

मंगळवार

कपडे. सुती कपडा उन्हाळ्यात सगळ्यात चांगला, हे आपल्याकडे गृहीत असतं. कोरड्या अंगावर, सावलीत, संध्याकाळी फिरायला तो चांगलाच. पाण्यात जायला मात्र सुती टी-शर्टइतका अडचणीचा कपडा नाही. तो पाणी पिऊन जड होतो, पोहताना खांद्यांवर ओढतो, अंगाला चिकटून घासतो आणि वाळायला दिवस घेतो. पाण्यासाठी नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये थोडं स्पॅन्डेक्स असलेला, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. माणशी दोन जोड हवेतच, कारण सकाळचा जोड दुपारी वाळत असताना दुसरा अंगावर लागतो. एकच नेला की ओलाच पुन्हा चढवला जातो आणि जांघेतली खाज तिथून सुरू होते.

बाकी माणशी तीन सैल सुती सदरे किंवा कुर्ते, दोन लेंगे किंवा हलक्या पँट, रात्रीचा एक जोड, अंतर्वस्त्रं दिवसाला दोन या हिशोबाने आठ. जीन्स अजिबात नको. शिवणीपाशी तिची ओल दोन-दोन दिवस हटत नाही. चुडीदारही घरीच. घामाने भिजल्यावर तो पायातून निघता निघत नाही.

टॉवेलबद्दल मला ठाम सांगायचंय: पंचा न्यावा. 70 बाय 140 सेंटिमीटरचा साधा टर्किश टॉवेल 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम) असेल तर कोराच जवळपास 440 ग्रॅम भरतो. चार माणसांचे पावणेदोन किलो नुसते टॉवेल! शिवाय त्याच्या गाठीगाठींत वाळू बसते, झटकून निघत नाही. पातळ पंचा सहज घडी होतो, वाऱ्यावर भराभर वाळतो आणि एकदा झटकला की वाळू खाली. माणशी दोन पंचे. जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतात, फक्त नवे असतील तर आधी एकदा धुवावेत. कोऱ्या पंच्याला खळ असते, तो अंग पुसत नाही, नुसता पाणी पसरवतो.

पंच्याचा आणखी एक उपयोग. धुतलेला कपडा कोरड्या पंच्यावर पसरायचा, दोन्हींची मिळून गुंडाळी करायची आणि दोघांनी दोन टोकं धरून पिळायची. हाताने पिळून न निघालेलं पाणी पंचा ओढून घेतो, वाळण्याचा वेळ बराच कमी होतो. सोबत पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर मोठ्या सेफ्टी पिना. चिमटे नकोत, समुद्राच्या वाऱ्यात ते सुटून उडतात. पिना मात्र स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. साध्या पिनांचे गंजाचे डाग एका रात्रीत कपड्यावर उमटतात आणि ते सहजासहजी जात नाहीत.

बुधवार

आज फक्त सनस्क्रीन, कारण त्यातलं गणित बहुतेकांचं चुकतं. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर धरलेला असतो. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला तो थर द्यायचा तर एका वेळी सुमारे 30 मिलिलिटर लागतं. 50 मिलिलिटरची ट्यूब दोन वेळांनाही पुरत नाही. प्रत्यक्षात तीच ट्यूब चौघांना तीन दिवस पुरवली जाते. म्हणजे लावतात ते नावापुरतं, आणि मग "एसपीएफ 50 लावूनही काळवंडलो" अशी तक्रार.

पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टचा खरा फायदा इथे दिसतो. मग उघडा राहतो चेहरा, मान, कान, हाताचे पंजे, पोटऱ्या आणि पावलांची वरची बाजू. त्याला एका वेळी साधारण 10 मिलिलिटर. दिवसातून किमान दोनदा, तीन दिवस, चार माणसं: निदान 240 मिलिलिटर. म्हणजे 100 च्या तीन बाटल्या घेतल्या की थोडं उरतं. एसपीएफ 30 आणि 50 मधला फरक नावाला आहे, एक सुमारे 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील) किरण अडवतं आणि दुसरं 98. महागडा आकडा घेऊन चिमूटभर लावण्यापेक्षा 30 चं भरपूर लावावं. पाण्यात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. पावलं हमखास विसरली जातात. दुसऱ्या दिवशी चपलेच्या पट्ट्याखाली आग होते तेव्हा आठवतात.

चपलांचंही इथेच लिहून ठेवते. कोल्हापुरी नकोच, खाऱ्या पाण्यात भिजलेलं चामडं वाळल्यावर लाकडासारखं होतं आणि टाके सुटतात. अंगठ्याची साधी स्लीपर ओल्या वाळूत रुतते, लाटेत निघून जाते. मागे पट्टा असलेली रबरी सँडल हवी. खडकांवर चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटापाशी ओहोटीला खडकांत उतरायचा मोह होणारच, तेव्हा अनवाणी पाय नको. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालावं, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट (काटेरी शेपटीचा चपटा मासा) चाहूल लागून बाजूला होतं.

गुरुवार, दुपार

औषधांचा डबा. गोळ्यांच्या पट्ट्या कापून सुट्या गोळ्या डबीत भरायची सवय इथे सोडावी. खाऱ्या दमट हवेत गोळ्या मऊ पडतात. पट्टी अख्खी ठेवायची आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत. ओआरएसची पाकिटंही त्यातच. मोठं पाकीट अख्खं एका लिटर पाण्यात घालायचं असतं. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने घालणं चूक, मिठाचं प्रमाण वाढलं तर फायद्याऐवजी अपाय. घरी 200 मिलिलिटरची छोटी पाकिटं असतील तर तीच न्यावीत, पेल्याचा हिशोब सोपा.

बुरशीसाठी साधं क्लोट्रिमाझोल. औषधाच्या दुकानात खाज म्हटलं की पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेलं मलम हातात देतात. त्याने दोन दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण पसरतं आणि हट्टी होतं. ट्यूबवर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलंय का ते वाचून घ्यावं. मांड्या घासू नयेत म्हणून पाण्यात जाण्याआधी पेट्रोलियम जेली लावायची. आणि टाल्कम पावडरचा एक डबा, अंगाला लावायला नव्हे, वाळू काढायला. पाय पुसून त्यावर पावडर भुरभुरवली की ती ओल ओढते आणि वाळू हाताने झटकता येते. ओल्या पायावरची वाळू पंच्याने खरडली की कातडीच सोलवटते.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर हे मुद्दाम. पाण्यात भिजवून वापरायच्या, आत जेलचे दाणे असलेल्या थैल्या मिळतात. पाणी उडताना गारवा देतं, या तत्त्वावर त्या चालतात. दख्खनच्या कोरड्या हवेत त्या छान काम करतात. किनाऱ्यावर हवेतच इतकं पाणी असतं की थैलीतलं पाणी उडत नाही, मग गारवाही तुटपुंजा. (माठातलं पाणी नाशकात जितकं गार होतं तितकं मालवणात होत नाही, त्याचं कारणही हेच.) बहुतेक इन्सुलिनवर 30 अंशांची मर्यादा छापलेली असते आणि एप्रिलची दुपार ती ओलांडते. रुंद तोंडाचा थर्मास, तळाशी बर्फाची पिशवी, त्यावर घडी केलेला पंचा आणि त्याच्या वर पेन. बर्फाला थेट चिकटून गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही.

गुरुवार, रात्र

फोनसाठी गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी. तिची परीक्षा बादलीतच घ्यावी: आत कोरडा टिश्यू पेपर, पिशवी बंद, वर वजन ठेवून अर्धा तास पाण्याखाली. टिश्यूचा कोपरा जरी ओला झाला तरी ती पिशवी बाद. लॉकच्या खाचेत वाळूचा एक कण अडकला तरी पाणी शिरतं, म्हणून दर वेळी बंद करण्याआधी खाच बोटाने पुसायची. चार्जिंगच्या खाचेत खारी ओल असताना वायर लावली की आतल्या पिना गंजतात, तेव्हा रात्रभर वाळल्याशिवाय चार्जर नको.

कॅमेरा नेणाऱ्यांसाठी: एसीच्या खोलीतून एकदम बाहेर काढला की काच धुरकट होते, आतल्या बाजूनेही. खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडायची नाही. दव पिशवीवर जमतं, काचेवर नाही.

बॅगेच्या चेनवर पांढरी मेणबत्ती घासून ठेवली. धातूची चेन असेल तर हे करायलाच हवं, मीठ आणि वाळू मिळून ती दोन दिवसांत जाम होते.

साबणाच्या वडीऐवजी शाम्पूच्या पुड्या आणि थोडा द्रवरूप साबण. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असलं की वडीला फेस येत नाही, अंग नुसतं चिकट होतं.

शुक्रवार, संध्याकाळ

तिथी बघून घेतली. भरतीची जुनी रीत अजून उपयोगी पडते: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. रोज वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. मालवणात घड्याळ थोडं मागेपुढे होतं, म्हणून नेमकी वेळ होडीवाल्यांना विचारायचीच. पण कुठल्या दिवशी सकाळी पाण्याचा जोड वर ठेवायचा आणि कुठल्या दिवशी किल्ल्याच्या सँडल, एवढं तरी त्यावरून ठरतं.

थर्ड एसीत माणशी 40 किलो सामान मोफत नेता येतं, पण आपली मर्यादा ठाणे स्टेशनचा जिना आणि कुडाळची रिक्षा ठरवते. माणशी सात किलोंच्या आत, मऊ कापडी बॅग. कडक सुटकेस रिक्षात सीटच्या मागे बसत नाही, मांडीवर घ्यावी लागते. तळाशी संध्याकाळचे कपडे, मध्ये औषधं, सगळ्यात वर पाण्याचा एक जोड, पंचा आणि सँडल, कारण सकाळी खोली मिळायला वेळ लागला तरी समुद्रावर जाता येतं. ओल्या कपड्यांसाठी दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पण त्या फक्त खोलीपर्यंत. ओला कपडा रात्रभर पिशवीत बांधून ठेवला की सकाळी काळे ठिपके.

एक रिकामी बॅग घडी करून. येताना आमसुलं, मालवणी मसाला, खाजा, काजू आणि कोकमाचं आगळ येणारच. आगळाला मिठाचं प्रमाण जबर, त्यात रंग पक्का. बाटलीचं झाकण काढून तोंडावर जाड प्लास्टिकचा चौकोन ठेवायचा, वर झाकण घट्ट फिरवायचं, त्यावर चिकटपट्टी, मग बाटली उभी, दोन पिशव्यांत, पंच्यात गुंडाळून. कच्चे हापूस घ्यायचे असतील तर खोक्याला भोकं आणि आत पेंढा. सुकी मासळी हवाबंद डब्यातच, नाहीतर गाडीचा सगळा डबा रात्रभर बोंबलाच्या वासात झोपेल. त्यासाठी झाकणाला रबर असलेला दोन लिटरचा एक डबा आत्ताच बॅगेत टाकला. जाताना त्यात चार्जर आणि वायरी.