जॉब ‘ॲक्सेप्टेड’वर अडकला आणि क्लस्टर म्हणे रिकामा

स्पार्क मोठ्या डेटाचं काम अनेक मशीनच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, वाटून करतो; त्या मशीनची मेमरी कुठल्या जॉबला किती द्यायची हे यार्न बघतं. यार्नवर स्पार्क चालवणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ पाहिली असेल. ॲप्लिकेशन रिपोर्ट, कंसात स्टेट, आणि पुढे ‘ॲक्सेप्टेड’, म्हणजे जॉब रांगेत घेतला, पण अजून सुरू नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा उमटते. चार-पाच वेळा उमटून ‘रनिंग’ आलं की आपण तिच्याकडे बघतही नाही. आमच्याकडे ती मध्यरात्री सुरू व्हायची आणि पहाटेपर्यंत तशीच चालू राहायची. एरर नाही, जॉब मरतही नाही, नुसता बसून असतो. एखादा जॉब एरर देऊन मेला तर शोधायला निदान काहीतरी हाती लागतं. इथे हाती काहीच नव्हतं, आणि वर ‘क्लस्टर रिकामा आहे, तुमच्या कोडमध्ये बघा’ हे ऐकून घ्यायचं होतं. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमचा क्लस्टर तसा लहानच. पाच वर्कर नोड, म्हणजे काम करणारी मशीन, प्रत्येकाने यार्नला २० जीबी दिलेले, म्हणजे एकूण १०० जीबी. हडूप ३ (यार्न ज्याचा भाग आहे ते सॉफ्टवेअर), साधं अपाचेचं, वर कुठलाही मॅनेजर नाही; फाइली हातानेच बदलायच्या. शेड्यूलर, म्हणजे कुणाला कधी जागा द्यायची ते ठरवणारा यार्नचा भाग, ‘कपॅसिटी’ प्रकारचा; क्यू म्हणजे जॉबची रांग एकच, ‘डिफॉल्ट’. काम वीजमीटरच्या रीडिंगचं. रात्री बारानंतर तीन जॉब सुटतात: एक रीडिंग साफ करतो, दुसरा बिलिंगच्या बेरजा करतो, तिसरा तुटीचा अहवाल काढतो. सकाळी आठला ग्राहक कंपनीच्या टेबलावर आकडे हवेत. क्लस्टर उभा करणं, एचडीएफएस (हडूपची फाइल-साठवण), स्पार्क बसवणं यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घडलं ते आम्ही क्लायंट मोड सोडून क्लस्टर मोडवर गेलो तेव्हा. क्लायंट मोडमध्ये ड्रायव्हर, म्हणजे जॉबचा मुख्य प्रोग्रॅम, एज नोडवर, म्हणजे जिथून जॉब सोडतो त्या मशीनवर, चालतो. त्या मशीनवर सगळ्यांचीच गर्दी, मध्येच पॅचिंगसाठी रीबूट, की आमचा ड्रायव्हर गेला. क्लस्टर मोडमध्ये ड्रायव्हर यार्नच्या आत, ॲप्लिकेशन मास्टरच्या (जॉबच्या वतीने यार्नकडे जागा मागणारा) कंटेनरमध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या मेमरीच्या वाट्यात, चालतो. एज नोड बंद पडला तरी जॉबला धक्का नाही. कोडची एक ओळही बदलली नाही, फक्त सबमिट करतानाचा डिप्लॉय मोड बदलला. त्याच रात्रीपासून तिनातला एक जॉब अडकायला लागला.

कुठला, ते मात्र ठरलेलं नाही. कधी बिलिंग, कधी तूट. त्यामुळे पहिला संशय डेटावर, मग कोडवर, मग नेटवर्कवर. जो तिसरा पोचतो तोच अडकतो, हे लक्षात यायला वेळ लागला, कारण तिघेही काही सेकंदांच्या अंतराने सुटत होते. शिवाय रात्रीची स्क्रिप्ट कुणा पूर्वजाने लिहिलेली. लॉग आटोपशीर राहावा म्हणून तिने स्टेटच्या ओळी तेवढ्या ठेवून बाकी सगळं गाळून टाकलं होतं. स्पार्क ॲक्सेप्टेडच्या पहिल्या ओळीखाली डायग्नॉस्टिक्स, म्हणजे जॉब का थांबलाय याची माहिती, छापतो, खरं कारण तिथेच असतं, आणि नेमकं तेच गाळलं जात होतं. तुमच्याकडे अशी स्क्रिप्ट असेल तर आधी ती गाळणी काढा, बाकीचं नंतर वाचा.

क्लस्टर सांभाळणारी टीम वेगळी, वेगळ्या शहरात. रिसोर्स मॅनेजरचं (यार्नचा मुख्य नियंत्रक) ८०८८ पोर्टवरचं पान आम्हाला बंद, सुरक्षेच्या कारणास्तव. म्हणून तक्रारीचं टिकट टाकलं. उत्तर आलं: क्लस्टर हेल्दी आहे, सगळे नोड ग्रीन, रात्रीही ६० जीबी मेमरी फ्री, नमुन्याचा स्पार्क-पाय जॉब चालवून पाहिला, लगेच पूर्ण झाला. टिकट बंद.

त्यांनी स्पार्क-पाय चालवला सकाळी अकराला. त्या वेळी क्यूमध्ये चिटपाखरू नसतं.

मी टिकट पुन्हा उघडून लिहिलं की स्पार्क-पाय रात्री, आमचे दोन जॉब चालू असताना चालवून बघा. त्यावर सल्ला आला की ड्रायव्हरला मेमरी कमी पडत असावी, ४ जीबीऐवजी ८ द्या. दिली. त्या रात्री एकाऐवजी दोन जॉब अडकले, अहवाल दुपारी गेला, आणि टिकटावर पुन्हा तेच: मेमरी फ्री आहे, आता तर ७६ जीबी. जितकी मेमरी फ्री दिसे तितका त्यांचा आवाज चढे.

आता हिशोब सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे. कपॅसिटी शेड्यूलरमध्ये एक सेटिंग आहे: यार्न.शेड्यूलर.कपॅसिटी.मॅक्सिमम-एएम-रिसोर्स-पर्सेंट (एएम म्हणजे ॲप्लिकेशन मास्टर). त्याची मूळ किंमत ०.१. म्हणजे क्यूच्या मेमरीपैकी फक्त १० टक्के ॲप्लिकेशन मास्टरांना मिळणार. आमच्या १०० जीबीत १० जीबी. ॲप्लिकेशन मास्टर हा मुकादम धरा, एक्झिक्युटर म्हणजे मजूर. मजुरांच्या खोल्या ओस पडल्या असल्या तरी मुकादमांसाठी राखलेल्या खोल्या भरल्या की नव्या टोळीला फाटकाबाहेरच थांबावं लागतं.

क्लायंट मोडमध्ये हा मास्टर किरकोळ असतो. मूळ सेटिंगनुसार ५१२ एमबी, वर ३८४ एमबी ओव्हरहेड, म्हणजे वरखर्चाची जादा मेमरी, मिळून ८९६. यार्न ते वरच्या पूर्ण जीबीला नेतं, म्हणजे १ जीबी. असे दहा मावतात, म्हणून आम्हाला आधी कधी काही जाणवलं नाही. क्लस्टर मोडमध्ये मास्टरच्या पोटात ड्रायव्हर येतो. ४ जीबी म्हणजे ४०९६ एमबी, त्यावर १० टक्के ओव्हरहेड ४०९, बेरीज ४५०५, आणि वर नेऊन ५ जीबी. दोन जॉब, १० जीबी, कोटा संपला. तिसरा कितीही छोटा असो, स्पार्क-पाय का असेना, तो ॲक्सेप्टेडवरच राहणार. प्रत्येक जॉबचे ५ जीबीचे तीन एक्झिक्युटर धरले तर दोघांचे मिळून ४० जीबी गेले, ६० मोकळे, आणि ते मोकळे असून उपयोग शून्य. ड्रायव्हर ८ जीबीचा केला तेव्हा मास्टर ९ जीबीचा झाला. मग दुसऱ्यालाही जागा नाही. सल्ला पाळला आणि आगीतून फुफाट्यात पडलो.

(एकच मास्टर मर्यादेपेक्षा मोठा असेल तर? क्यू रिकामी असताना पहिल्याला सोडलं जातं, मर्यादा न बघता. म्हणून दिवसा एकेकटा जॉब चालवून काहीही सिद्ध होत नाही.)

हे मला टिकटातून कळलं नाही. एज नोडवरून ‘यार्न ॲप्लिकेशन -स्टेटस’ आणि पुढे ॲप्लिकेशन आयडी, एवढी कमांड जॉब अडकलेला असताना रात्री चालवली. डायग्नॉस्टिक्ससमोर स्वच्छ लिहिलेलं होतं: ॲप्लिकेशन अजून ॲक्टिव्हेट झालेलं नाही, क्यूची एएम रिसोर्स लिमिट ओलांडली आहे, आणि पुढे मागितलेली मेमरी, मर्यादा, वापर, सगळे आकडे. ही कमांड चालवायला ८०८८ लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. सपोर्टवाल्यांपैकी एकालाही ती सुचू नये याचा राग मला अजून आहे.

ती ओळ टिकटावर चिकटवली, वर साहेबांना सीसीमध्ये घातलं, तेव्हा कुठे कॉल मिळाला. पलीकडचा मुलगा नागपूरचा निघाला, त्यामुळे निदान मराठीत बोलता आलं. स्क्रीन शेअर करून म्हणाला, “सर, सगळं ग्रीन आहे बघा.” मी म्हटलं, “डॅशबोर्ड राहू द्या. डावीकडे शेड्यूलर आहे ना, तिथे डिफॉल्ट क्यूच्या पट्टीवर क्लिक करा.” पट्टी उघडली. ‘मॅक्स ॲप्लिकेशन मास्टर रिसोर्सेस’ आणि ‘यूज्ड ॲप्लिकेशन मास्टर रिसोर्सेस’, दोन्हींपुढे एकच आकडा, १०२४०. तो जरा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, “हे आम्ही कधी उघडतच नाही, सर.” त्याच्यावर मी चिडलो नाही. त्याला जी यादी दिली होती त्यात ते पान नव्हतं.

तरी सुटका लगेच नाही. मर्यादा ०.३ करायची ठरली. दुसऱ्या दिवशी मेल: बदल केला, कृपया तपासा. रात्री तिसरा जॉब पुन्हा बसलेला. कपॅसिटी-शेड्यूलरची फाइल त्यांनी एज नोडवर बदलली होती. ती फाइल फक्त रिसोर्स मॅनेजर वाचतो, आपल्याच मशीनवरून. एज नोडवरच्या प्रतीला कुणी विचारत नाही. हे सांगितल्यावर उत्तर आलं की त्यासाठी रिसोर्स मॅनेजर रीस्टार्ट करावा लागेल आणि त्याची चेंज विंडो, म्हणजे बदलांसाठी ठरलेली वेळ, शनिवारी रात्री. रीस्टार्टची गरजच नव्हती. ‘यार्न आरएमॲडमिन -रिफ्रेशक्यूज’ ही कमांड त्या फाइलीतले बदल चालू क्लस्टरमध्ये घेते, चालू जॉबना हात न लावता. दस्तऐवजातलं पान पाठवलं, तरी दोन मंजुऱ्या लागल्या. कमांड मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपली, आणि वाट बघत बसलेला तिसरा जॉब त्या क्षणी ‘रनिंग’ झाला. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली, ऑफिसमध्ये एकटाच होतो.

ही सोय क्यूच्या फाइलीपुरतीच. नोड मॅनेजरची (प्रत्येक वर्कर नोडवरचा यार्नचा कारभारी) मेमरी बदलायची असेल तर यार्न-साइट ही यार्नची सेटिंगची फाइल बदलून ते रीस्टार्ट करावेच लागतात. आणि कुठली किंमत खरोखर लागू आहे याची शंका असेल तर फाइल उघडून बघत बसू नका. रिसोर्स मॅनेजरच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन ‘कॉन्फ’ लिहा. यार्न-साइटमधली प्रत्येक सेटिंग, तिची चालू किंमत आणि ती कुठल्या फाइलीतून आली, सगळं दिसतं. स्पार्कच्या बाजूने तेच काम एन्व्हायर्नमेंट टॅब करतो.

०.३ का, १ का नाही, असं साहेबांनी विचारलं. ती मर्यादा उगाच नाही. सगळी मेमरी मास्टरांनीच खाल्ली तर एक्झिक्युटरना जागा उरत नाही, आणि सगळे जॉब ‘रनिंग’ दिसत एकमेकांची वाट बघत बसतात. ते ॲक्सेप्टेडपेक्षा वाईट.

मेमरीची मागणीही आम्ही कमी केली, आणि हा उपाय कुणाला न विचारता करता येतो. ड्रायव्हरला ४ जीबीऐवजी ३७०० एमबी लिहा. १० टक्के ३७० होतात, पण ओव्हरहेड किमान ३८४ असतो, म्हणून बेरीज ४०८४, आणि ती ४ जीबीत बसते. ४ जीबी लिहिलं की ५ जातात. प्रत्येक एक्झिक्युटरलाही हेच गणित लागू आहे. ड्रायव्हरची मेमरी सबमिट करताना किंवा स्पार्कच्या डिफॉल्ट्सच्या फाइलीत द्यायची. कोडमध्ये लिहून उपयोग नाही, कोड चालू होईपर्यंत कंटेनर बनलेला असतो.

एक राहिलंच. ॲक्सेप्टेडवर अडकण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे डिस्क. नोडची डिस्क ९० टक्क्यांवर भरली की नोड मॅनेजर स्वतःला अनहेल्दी ठरवतो आणि नवं काम घेत नाही. सगळेच नोड तसे झाले तर जॉबला कुठेच जागा नाही. यात डायग्नॉस्टिक्सऐवजी ‘यार्न नोड -लिस्ट -ऑल’ बघा. ८०८८च्या पानावर प्रत्येक कंटेनरला एकच व्हीकोअर (प्रोसेसरचा वाटा) दिसतो म्हणूनही घाबरू नका, मूळ रिसोर्स कॅल्क्युलेटर फक्त मेमरी मोजतो.

आता ग्राहक कंपनीला महिनाअखेरच्या जॉबसाठी वेगळी क्यू हवी आहे, क्लस्टरच्या २० टक्क्यांची, कमाल मर्यादाही तेवढीच. मी अर्जातच लिहून दिलं की तिची मास्टर मर्यादा वेगळी लिहा, क्यूचं नाव मध्ये घालून ती देता येते. नाहीतर २० जीबीचे ३० टक्के म्हणजे ६ जीबी, त्यात ४ जीबीचा एकच मास्टर, आणि महिनाअखेरचा दुसरा जॉब ॲक्सेप्टेडवर.