आगमनकाळ आणि डिसेंबरातले रस्ते

डिसेंबर तोंडावर आला की आमच्या नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांना दरवर्षी नवी कळा येते. वर्षभर चुकवलेले खड्डे आठवडाभरात बुजतात, दुभाजक रंगवले जातात, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लागतो. कारण हिवाळी अधिवेशनासाठी अख्खे सरकार शहरात उतरायचे असते. 1953च्या नागपूर करारात विदर्भाला दिलेल्या शब्दातून ही प्रथा आली आणि आम्हा नागपूरकरांना तिची इतकी सवय झाली आहे की एखादा रस्ता उखडला, तर लोक सहज म्हणतात, "अधिवेशनापर्यंत थांबा, होऊन जाईल."

नेमक्या याच सुमारास, विधानभवनापासून फार दूर नसलेल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये आणि शहरातल्या इतर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ सुरू होतो. या काळात बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 40व्या अध्यायातली घोषणा वाचली जाते: अरण्यात परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा, खोरी उंच होवोत, डोंगर सखल होवोत. लहानपणी मला हे निव्वळ काव्य वाटत असे. पुढे समजले की त्यामागे अगदी रोखठोक व्यवहार आहे. त्या काळी राजाची स्वारी यायची असली की आधी माणसे पाठवून वाट साफ करून घेतली जाई, आणि बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना संदेष्टा त्याच परिचित दृश्याच्या भाषेत धीर देत होता. ज्या लॅटिन 'अ‍ॅडव्हेंटस' शब्दावरून या काळाचे इंग्रजी नाव आले, तो शब्दही रोमन लोक सम्राटाच्या समारंभपूर्वक नगरप्रवेशासाठी वापरत. म्हणजे ओले डांबर आणि चुन्याचे पट्टे यांचा या सणाशी असलेला संबंध मी ओढूनताणून जोडलेला नाही. तो त्या शब्दातच आहे.

मात्र ज्याच्यासाठी वाट तयार करायची, तो त्या वाटेने आलाच नाही, आणि ख्रिस्तजन्माच्या कथेतला सगळा विरोधाभास मला इथेच दिसतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक या जन्माच्या वृत्तान्ताची सुरुवात रोमन सम्राट कैसर औगुस्ताच्या नोंदणीच्या हुकमाने करतो, सत्तेचे नाव आधी घेतो, आणि लगेच नजर वळवतो ती उतारशाळेत जागा न मिळालेल्या एका जोडप्याकडे आणि गव्हाणीत निजवलेल्या बाळाकडे. पहिली बातमी मिळाली तीही रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना. राजवाड्यातल्या हेरोद राजाला ती मागाहून, परदेशी ज्ञानी लोकांकडून कळली, आणि कळताच तो घाबरला.

बाप्तिस्मा करणारा योहान यशयाचीच घोषणा यार्देन नदीच्या काठी पुन्हा देतो, तेव्हा लोक त्याला अगदी आपल्यासारखा प्रश्न विचारतात: मग आम्ही काय करावे? त्यावर त्याचे उत्तर इतके साधे आहे की पुष्कळदा आमच्या उपदेशांतून ते निसटून जाते. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नये. शिपायांनी कोणाला धाकदपटशा दाखवून पैसे काढू नयेत. डोंगर सखल करायचे ते असे. या काळाचा परंपरेने चालत आलेला जांभळा रंग पश्चात्तापाचा आहे, हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच केक कापून सांताच्या टोप्या घालणाऱ्या आम्हा मंडळींना, आणि त्यात मीही आलो, सहसा आठवत नाही.

वाट पाहण्याशी आमच्या शहराचे आणखी एक नाते आहे, आणि त्याचा मला थोडा अभिमान वाटतो. उत्तर भारतातल्या सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली ती नागपुरातच, 29 नोव्हेंबर 1970 रोजी. तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. बालकांचा बाप्तिस्मा करणारे आणि प्रौढांचाच करणारे, बिशप मानणारे आणि न मानणारे, अशांना एका छताखाली आणण्याच्या वाटाघाटी 1929 पासून चालू होत्या. त्या सुरू करणाऱ्यांपैकी कित्येकांना शेवट पाहायला मिळाला नसेल. मशीहाची वाट पाहून अखेर मंदिरात त्याला, बाळ येशूला, हातांवर घेणारा बायबलातला वृद्ध शिमोन त्या मानाने भाग्यवान म्हणायचा.

अधिवेशनाच्या दिवसांत शहरात आणखीही लोक वाट पाहत असतात. गावोगावचे मोर्चे येतात, अंगणवाडी सेविका येतात, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक येतात, शेतकरी येतात; कोणीतरी मंत्री येईल आणि निवेदन घेईल म्हणून मंडपात बसून राहतात. नागपूरची डिसेंबरातली रात्र बोचरी असते आणि सतरंजीखालून जमिनीचा गारवा वर येतो. मागच्या वर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारच्या उपासनेनंतर, गुलाबी मेणबत्ती लावून, आनंदाच्या रविवारची गीते गाऊन मी स्कूटरवरून घरी निघालो, तेव्हा अशाच एका मंडपात एक वयस्क बाई पोते पांघरून बसलेल्या दिसल्या. नव्या गुळगुळीत रस्त्यावर माझी गाडी अजिबात न अडखळता पुढे निघून गेली.

घरी पोहोचल्यावर योहानाचे अंगरखे आठवले. आमच्या लोखंडी पेटीत आईने भरून ठेवलेल्या चार रजया आहेत आणि घरात माणसे दोन. त्यातल्या दोन घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर मंडप काढून झाला होता आणि बांबूंसाठी खणलेले खड्डे तेवढे उरले होते.