कासाचं काम: मुलाची बाजू कोर्टात मांडताना

अमेरिकेत मूल घरातून काढून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांकडे तात्पुरत्या सांभाळासाठी, ठेवलं की त्याच्याभोवती माणसं खूप जमतात, पण ती सतत बदलतात. केसवर्कर (केस सांभाळणारे समाजसेवक) बदलतात, घर बदलतं, शाळा बदलते. शेवटपर्यंत टिकणारं कुणीतरी असावं म्हणून सिॲटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी १९७७ मध्ये साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन कोर्टात उभं केलं. तेच आजचं 'कासा' (CASA, Court Appointed Special Advocate): मुलाची बाजू मांडायला कोर्टाने नेमलेला स्वयंसेवक.

वकिलीची पदवी लागत नाही. बहुतेक ठिकाणी वय २१ पूर्ण हवं. मुलाखत, पार्श्वभूमीची तपासणी, साधारण ३० तासांचं प्रशिक्षण आणि मग न्यायाधीशांपुढे शपथ. एका वेळी एखाद-दोन केस मिळतात. निदान वर्षभर, खरं तर केस संपेपर्यंत थांबायची तयारी नसेल तर कृपया नाव नोंदवू नका; मधेच निघून जाणारी माणसं या मुलांनी भरपूर पाहिलेली असतात.

नेमणुकीच्या आदेशाची प्रत कायम जवळ ठेवा. शाळा आणि दवाखाना कागद देतात ते ती पाहूनच. मुलाला महिन्यातून किमान एकदा, ते राहतं तिथे जाऊन भेटा. भावंडं वेगळ्या घरांत असतील तर त्यांची शेवटची भेट कधी झाली ते विचारा. घर बदललं तरी मुलाच्या हिताचं असेल तर जुनी शाळा चालू ठेवावी, असं २०१५ चा केंद्रीय शिक्षण कायदा सांगतो. घोडं अडतं ते ने-आण कोण करणार इथे, म्हणून तो प्रश्न पहिल्याच आठवड्यात काढा.

खरा कस लागतो कोर्टाला द्यायच्या अहवालात. 'आईला मुलाची पर्वा नाही' हे वाक्य निरुपयोगी आहे. 'ठरलेल्या आठ भेटींपैकी आई पाचांना आली. उरलेल्या तीन दिवशी तिची रात्रपाळी होती' यावर न्यायाधीश निर्णय घेऊ शकतात. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तुम्ही स्वतः काय पाहिलं, हे वेगळं लिहा. मुलाची इच्छा त्याच्याच शब्दांत द्या, तुमची शिफारस उलट असली तरी. शिफारसही नेमकी हवी: 'समुपदेशन मिळावं' नव्हे, तर कोणी, किती दिवसांत सुरू करायचं ते.

तारखांना इतकं महत्त्व का? १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार मूल शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं, तर राज्याने पालकत्व रद्द करण्याचा अर्ज करायचा असतो. अपवाद आहेत: मूल नातेवाइकांकडे असेल, किंवा कुटुंबाला ठरलेली मदत वेळेवर दिलीच नसेल. व्यसनमुक्ती केंद्राच्या प्रतीक्षायादीत आईचे चार महिने गेले असतील, तर त्या तारखा कुठेतरी नोंदलेल्या हव्यात.

इथे आपल्या मध्यमवर्गीय नजरेला आवर घालावा लागतो. दोन खोल्यांत सहा माणसं, सिंकमध्ये भांडी, फॉस्टर पालकांकडे मात्र स्वतंत्र खोली आणि पियानो. तुलना या दोन घरांची करायचीच नाही. आईवडिलांचं घर मुलासाठी सुरक्षित आहे का, एवढंच बघायचं.

पैसे देणं, मुलाला स्वतःच्या घरी नेणं, 'तू लवकरच घरी जाशील' असं सांगणं टाळा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका: अत्याचाराचा संशय आला तर सुनावणीची वाट न पाहता त्याच दिवशी राज्याच्या हॉटलाइनला आणि आपल्या पर्यवेक्षकांना कळवायचं असतं.