तिजोरीतली टेबलं

दुपारी भाची फोनवर काय बघतेय म्हणून डोकावलो, तर लंडनचं एक हॉटेल. नाव 'द नेड'. मूळची मिडलँड बँकेची कचेरी, बांधणारे एडविन लट्यन्स, आपले नव्या दिल्लीवालेच. त्यांना लाडानं नेड म्हणत. २०१७ पासून तिथे पाहुणे उतरतात. तळघरातली तिजोरी तशीच ठेवलीय. भिंतींवर तीन हजारांहून जास्त लॉकर, टनावारी वजनाचं दार, आणि मधे टेबलं मांडून लोक पेले किणकिणवताहेत.

मला ते खटकलंच. बँकेत कुणी एवढ्या मोठ्यानं हसतं का?

आमच्याकडे अशी इमारत रिकामी झाली तर हॉटेल कुठलं, मंगल कार्यालयच व्हायचं. तिजोरीत आहेराची भांडी, मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी.

कापूस मोजून झाला की आबा मला तालुक्याच्या बँकेत न्यायचे. परीटघडीचं धोतर, नवी टोपी. लग्नालासुद्धा ते एवढे नटत नसत. दारात वहाणा काढू लागायचे, शिपाई "राहू द्या बाबा" म्हणायचा. "आठे बठ, बोलू नको," असं बजावून मला बाकावर बसवत आणि जाळीपुढे उभे राहत. पितळी टोकन माझ्या मुठीत. ते हरवलं तर सगळा कापूस गेला, अशी माझी खात्री. हाताचा पितळेचा वास रात्रीच्या भाकरीपर्यंत जायचा नाही. १९६९ साली १४ बँका सरकारच्या झाल्या, त्यानंतर कुठे आबांसारखी माणसं त्या पायऱ्या चढू लागली. चढली, पण वाकूनच.

तिजोरीची खोली तेव्हा कधी दिसली नाही. दोन साहेब दोन चाव्या घेऊन आत जात, दार लगेच ओढून घेत. आजीची पोत आत होती. लॉकरमध्ये नव्हे, लॉकर सराफांचे. ही तारण. मृग तोंडावर आला की पोत आत जायची, कापूस मोजला की बाहेर. पाऊस रुसला की आतच राहायची, आणि आजी लग्नाकार्यात पदर गळ्याशी घट्ट धरून बसायची.

एका वर्षी ती आलीच नाही. लिलाव झाला होता. घरात कुणी बोललं नाही. आईनं मला सांगितलं तेव्हा मी स्वतःच बँकेत कारकून झालो होतो, सोनेतारणाच्याच टेबलावर.