सिनाईच्या डोंगरात सहा दिवस

आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "कायले जातं वं तिकडं उन्हात, आपली वारी काय कमी पडली का तुले?" आता तिला काय सांगणार. शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीसोबत मी दोनदा पंढरपूरला चालत गेलेय, महिनाभराची चाल आहे ती, म्हणजे पायांची काळजी नव्हती. दुबईत ऑफिसातली एक इजिप्शियन मैत्रीण सूफी मंडळात जाते, तिनेच विचारलं येतेस का, इजिप्तच्या सिनाईत सहा दिवस चालायचं, संध्याकाळी झिक्र म्हणजे नामस्मरण, आणि मधे एक दिवस खल्वा म्हणजे एकांत. म्हटलं मी मुसलमान नाही गं, तर म्हणाली आमच्या शेखांना (गुरूंना) विचारलंय, ते म्हणाले चालता येतं ना, मग येऊ दे.

पहिली गोष्ट म्हणजे वाळू नाही हो तिथे. मी वाळूच्या टेकड्या डोक्यात ठेवून गेलेले आणि समोर काय, तर लालसर ग्रॅनाइटचे नुसते उघडे डोंगर. सेंट कॅथरीनच्या गावातूनच निघालो, अबू जीफाची खिंड चढून वर गेलो की वादी तुबुक ही दरी लागते आणि तिथे भिंती घातलेल्या बागा, बदाम, डाळिंबं, विहीर. नोव्हेंबर होता, दिवसा टीशर्ट पुरतो आणि रात्री दोन स्वेटर घालून पण दात वाजतात.

आम्ही अकरा जण, सामान उंटांवर, आणि वाट दाखवायला जबालिया टोळीचे एक काका आणि त्यांचा पुतण्या. हे लोक स्वतःबद्दल सांगतात की सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तिथला मठ बांधला आणि त्याच्या राखणीसाठी आमच्या पूर्वजांना इथे पाठवलं. म्हणजे मुसलमान टोळी आणि पिढ्यान्‌पिढ्या ख्रिश्चन मठाशी नातं, आणि त्यात त्यांना काही वेगळं वाटतच नाही. काका फार बोलायचे नाहीत, पण एका डोंगरावर बोट दाखवून इजिप्तवर राज्य करणाऱ्या अब्बास पाशाची गोष्ट मात्र रंगवून सांगितली. या पाशाला हवा खायला महाल हवा होता, तर म्हणे त्याने वेगवेगळ्या डोंगरांवर मांस ठेवलं आणि जिथे सगळ्यात उशिरा सडलं तिथे बांधकाम काढलं. १८५४ मध्ये पाशाच गेला, महाल अर्धवट, भिंती अजून उभ्या आहेत. काका हसत म्हणाले, मांस टिकलं, पाशा नाही टिकला.

जेवणाचं सांगायलाच पाहिजे. पहिल्या संध्याकाळी काकांनी पीठ, मीठ, पाणी घेऊन कणीक मळली, जाडसर थापली, शेकोटीतला हार (निखारे) काठीने बाजूला सारला आणि भाकर सरळ त्या तापलेल्या मातीवर टाकून वरून राख आणि हार ओढला. लिब्बा म्हणतात त्याला. मी बघतच राहिले, अहो हा तर आमचा रोडगा! फक्त गोवऱ्या नाहीत, झुडपांची वाळकी लाकडं. थोड्या वेळाने उलटला, मग बाहेर काढून काठीने धपाधप बडवून राख झाडली आणि तोडून हातात दिला. वांग्याची भाजी नव्हती एवढंच दुःख. चहात मरमरिया नावाचा पाला आणि साखर इतकी की बाप्पा, आमच्या अकोल्याची टपरी लाजेल.

झिक्र म्हणजे गोल बसायचं, आधी हळू "ला इलाहा इल्लल्लाह", मग लय वाढत जाते आणि शब्द गळत गळत नुसता "हू" उरतो, छातीतून येणारा. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं झालं, शब्द माझे नाहीत, मी ओठ हलवावे की नाही. पण लय वाढली तशी मांडीवर माझी बोटं आपोआप टाळाचा ठेका धरायला लागली, शेजारच्या बाईने बघितलं आणि हसली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपले वारकरी संत म्हणतात, "ज्ञानाचा एका, नामाचा तुका, कबिराचा शेका", हे मी शाळेपासून ऐकत आले होते, पण ऐकणं वेगळं.

खल्व्याचा दिवस मात्र माझा पूर्ण फसला. प्रत्येकाला आपापला खडक, सकाळपासून अस्रच्या, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजापर्यंत, फोन नाही, बोलणं नाही, हातात ९९ मण्यांची तसबी. पहिला तास छान गेला. मग पायातला फोड ठुसठुसायला लागला, मग ऑफिसातली जुनी भांडणं आठवली ती सगळी परत भांडून झाली, मग भूक, मग माशा. वारीत लाखभर माणसांत चालताना मला जे आपोआप होतं ना, की आपण कुठे आहोत हेच विसरायला होतं, ते इथे एकटीला बसून काही होईना. संध्याकाळी शेखांना प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्यांनी नक्शबंदी या सूफी पंथाच्या लोकांचा एक फारसी शब्द सांगितला, खल्वत दर अंजुमन, म्हणजे माणसांच्या गर्दीतला एकांत. म्हणाले, तुला तो आधी मिळाला, आता हा शिक, कठीण हाच आहे. बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, पण बरं वाटलं खरं.

त्याच दिवशी एक चूक पण केली. फोडावरची माती धुवायला मी बाटलीतलं पाणी भसाभसा पायांवर ओतलं. काका दहा पावलांवर होते, काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने नमाजाची वेळ झाली तर त्यांनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले, झटकले, तोंडावरून फिरवले, मग हातांवरून. तयम्मुम. पाणी पिण्यापुरतंच असेल तर वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं, मातीने करायची. ते मला दाखवायला करत नव्हते, रोजच तसं करत होते, मीच आधी बघितलं नव्हतं. कान गरम झाले माझे.

जबल मूसा म्हणजे मोझेसच्या डोंगरावर पण गेलो, २२८५ मीटर, शेवटच्या साडेसातशे पायऱ्या जीव काढतात, वर छोटं चॅपल आणि मशीद शेजारी शेजारी, आणि सूर्योदयाला टूरिस्टांची गर्दी. उतरताना उंट वाटेत आडवा आला तर माझ्या तोंडून सवयीने निघालं, "माऊली, सरका जरा." सरकला!

शेवटच्या रात्री काकांनी विचारलं, तुमच्याकडे पण चालतात म्हणे देवासाठी, किती लोक? मी मोडक्या अरबीत सांगितलं, लाखो. त्यांना वाटलं मी आकडा चुकले, मैत्रिणीने परत सांगितलं. काका बराच वेळ निखाऱ्याकडे बघत राहिले आणि मग एकच प्रश्न विचारला, "पाणी कोण देतं त्यांना?"

मी सांगितलं, गावोगावचे लोक, टँकर असतात, घरासमोर पिंप भरून ठेवतात. "फुकट?" फुकट. मग मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, रिंगणाचा, चार टक्के बॅटरी होती. काकांनी आवाज पूर्ण मोठा केला, सहा दिवसांत पहिल्यांदा त्या घळीत एवढा आवाज झाला असेल, टाळ खडकांवर आपटून परत येत होते, पुतण्या पांघरुणातून उठून बसला. घोडा धावत गेला, व्हिडिओ संपला. काका म्हणाले, परत लाव. दुसऱ्यांदा घोडा अर्ध्यात असताना फोन बंद पडला.