आधी बोलानी, पुलाव नंतर

दिल्लीत लाजपतनगर, भोगल, हौजराणी या भागांत अफगाण निर्वासितांची कुटुंबं राहतात. शेजाऱ्यांशी ओळख व्हावी म्हणून एकत्र स्वयंपाक ठेवला, की पहिली चूक बहुधा आखणीतच होते. यजमान रांधतात, निर्वासित पाहुणे म्हणून जेवतात, आभार मानतात आणि घरी जातात. हे उलटं हवं. चूल अफगाण बाईच्या ताब्यात आणि शेजारी भाजी चिरायला. एरवी जिला कचेऱ्यांच्या प्रत्येक खिडकीवर विचारत फिरावं लागतं, तिला इथे बाकीच्यांनी विचारायचं, ‘आता काय करू?’

पहिल्या भेटीला काबुली पुलाव नको. एकदा यखनी, म्हणजे मटणाचं पाणी, चुलीवर चढली की बाकीच्यांना नुसतं बघत बसावं लागतं. बोलानी करा, म्हणजे सारण भरून दुमडलेली अफगाण पोळी. लाटणं, भरणं, दुमडणं याला दहा हात लागतात आणि एकमेकींची भाषा येत नसली तरी काम अडत नाही.

वीस बोलानींना 1 किलो मैदा, 3 चहाचे चमचे मीठ आणि साधारण 550 ते 600 मिली पाणी लागतं. पीठ मळून पाऊण तास झाकून ठेवायचं. सारणाला 1 किलो उकडलेले बटाटे, पाव किलो कांद्याची पात, कोथिंबीर, मिरी, थोडी हिरवी मिरची. अफगाणिस्तानात गंदना नावाची पात घालतात. ती नसली तर कांद्याची पात चालते. 80 ग्रॅमचा गोळा पातळ लाटायचा, अर्ध्यावर सारण पसरायचं, करंजीसारखं दुमडून कडा दाबायच्या आणि तव्यावर तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस करायचं. सारण फार भरलं की आतून कच्ची राहते. पातीला आधीच मीठ लावलं तर पाणी सुटून पारी फाटते, म्हणून मीठ बटाट्यात आणि पात अगदी शेवटी. बटाटा गरम असला तर वाफेने कडा सुटतात.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला पुलाव. वीस जणांना 2 किलो सेला (अर्धवट उकडून वाळवलेला) तांदूळ (किमान दोन तास भिजवून), अडीच-तीन किलो हाडासकट मटण, 1 किलो गाजरं, पाव किलो बेदाणे. गाजरं किसायची नाहीत, लगदा होतो. काडीसारखी लांब चिरायची. दिल्लीच्या लाल गाजराला पाणी फार सुटतं, केशरी गाजर काडी धरून राहतं. बेदाणे तेलात फुगले की लगेच काढायचे, जळले तर कडवट होतात. आणि कुणालाही मिळमिळीत वाटला तरी भांड्यात गरम मसाला टाकू नका. स्वयंपाक करणारीचा तो अपमान आहे. तिखट हवं असेल तर कोथिंबीर-मिरचीची व्हिनेगर घातलेली चटणी बाजूला ठेवा.

मटण कुठून आणायचं ते तिलाच ठरवू द्या. हलालचा प्रश्न तिथेच सुटतो. पण प्रत्येक अफगाण माणूस मुसलमान असतो हे धरून चालू नका. दिल्लीत अफगाण शीख आणि हिंदू कुटुंबंही आहेत, आणि शीख रहतमर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, हलाल मांस वर्ज्य आहे. म्हणून यादी करण्याआधी विचारा. शाकाहारींची भांडी, झारे, तेल पहिल्यापासून वेगळं ठेवा. रमजानात दिवसा बोलवू नका.

बसण्याचं थोडं जपावं लागतं. पंगतीत ज्याचं ताट त्याचं असतं. दस्तरखानावर, म्हणजे जेवायला जमिनीवर अंथरलेल्या कापडावर, मोठ्या थाळीतून सगळे घेतात. आपल्याकडच्या उष्ट्याच्या कल्पनेमुळे कुणी हात आखडला तर समोरच्याला तो सोवळेपणा वाटतो आणि लागतो. प्रत्येक थाळीत दोन डाव ठेवले की काम भागतं. आल्याआल्या दुधाचा चहा पुढे करू नका; वेलची घातलेला हिरवा चहा, सोबत बदाम-बेदाणे.

वेळ अकरा ते तीन बरी, म्हणजे बायकांना उजेडी घरी पोचता येतं. मुलांसाठी एक खोली आणि कुणीतरी लक्ष ठेवणारं हवंच.

पैशांबद्दल संकोच नको. भारताने 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही; रीतसर नोकरी मिळणं या लोकांना फार अवघड जातं. सामानाचे पैसे आदल्या दिवशी रोख द्या आणि मजुरी स्वयंपाकाच्या दिवशीच. ‘आपुलकीचा कार्यक्रम’ म्हणून फुकट राबवून घेणं चुकीचं आहे.

‘कशा सुटलात?’ असं विचारू नका. ‘तुमच्याकडे गाजर कोण चिरायचं?’ एवढं पुरतं. पुढचं तिला वाटलं तर ती सांगेल. चेहऱ्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याने धोका होऊ शकतो. हातांचे आणि थाळीचे काढा, तेही विचारून. उठण्याआधी पुढच्या महिन्याची तारीख ठरवा आणि तेव्हा पोळपाट कुणाच्या घरचा आणायचा तेही.