अशनीचं क्लासिफिकेशन : माझा अनुभव

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत, टेंपीला, अशनींच्या, म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांच्या, अभ्यासाचं सेंटर आहे, १९६१ पासूनचं. अमेरिकन अशनी-संग्राहक हार्वी निनिंजर यांनी आयुष्यभर जमवलेल्या अशनींचा मोठा हिस्सा युनिव्हर्सिटीने विकत घेतला आणि त्यातून ते उभं राहिलं. मास्टर्स करताना मला तिथे सहारातून आलेल्या एका दगडाचं क्लासिफिकेशन करायला मिळालं, नेमकं काय करतात ते बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे चुंबक लावायचा नाही. सगळीकडे सांगतात की अशनी ओळखायला लावून बघा, पण जोरदार निओडिमियमचा चुंबक लावला की दगडाने जपलेली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, ती परत मिळत नाही. प्लीज कोणी करू नका.

मग कापायचं, डायमंड ब्लेडने, हळू, आणि पाण्याऐवजी अल्कोहोल वापरून, कारण आतले लोह-निकेलचे कण पाण्याने गंजतात. काप इपॉक्सीत बसवून काचपट्टीवर चिकटवायचा आणि घासत घासत ३० मायक्रॉनवर आणायचा. इथे खरी कसोटी लागते. जाडी कळते ती मायक्रोस्कोपखालच्या रंगांवरून, जरा जास्त घासलं की काप गेलाच, त्यामुळे शेवटी शेवटी मी दोन-चार फेऱ्या मारल्या की उचलून बघायचो. आणि मग पोलराइज्ड लाइटमध्ये कॉन्ड्रूल दिसले! साबुदाण्यासारखे गोल, एकात तर ऑलिविन या खनिजाच्या समांतर पट्ट्या, निळ्या, गुलाबी, पिवळ्या. साधारण ४५६ कोटी वर्षांपूर्वी वितळून गोठलेले थेंब, तेव्हा आपली पृथ्वी पुरती तयारही नव्हती.

मी बुलढाण्याचा, लोणारचं १.८ किलोमीटरचं विवर पाहतच मोठा झालो, पण ते ज्याने केलं तो दगड काही कुणाच्या हाती लागलेला नाही, आघाताच्या खुणाच तेवढ्या खडकात उरल्यात. म्हणून इथे अंतराळातून आलेला दगड हातात धरताना मला खरंच भरून आलं.

पुढे पॉलिश, कार्बनचा थर आणि इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब, म्हणजे खनिजात कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र. ऑलिविनमधलं फायालाइट, म्हणजे त्यातला लोहाचा घटक, १६ ते २० टक्के आलं तर एच, २३ ते २६ आलं तर एल, त्याच्या वर एलएल, हे साध्या (ऑर्डिनरी) कॉन्ड्राइटचे, म्हणजे कॉन्ड्रूल असलेल्या नेहमीच्या अशनींचे, तीन गट. आमचं २५ च्या आसपास आलं, आणि कॉन्ड्रूलच्या कडा बऱ्याच धूसर झाल्या होत्या, म्हणजे एल५ (५ हा आकडा दगड आत तापून किती बदलला ते सांगतो). हे ऐकून काही जण म्हणाले, अरे साधाच निघाला. मला ते अजिबात पटत नाही, पडताना पाहिलेल्या अशनींत बहुतांश याच साध्या प्रकारातल्या असतात, म्हणजे पृथ्वीवर नेहमी येतं ते हेच, आणि तेच नीट मोजलं नाही तर वेगळं काय ते ओळखणार कसं?

शेवटी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, जे कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात कायमचा ठेवावा लागतो आणि सगळी माहिती मीटिओरिटिकल सोसायटीच्या नामकरण समितीकडे जाते. समितीला शंका आली तर प्रश्न येतात, त्यामुळे मोजमापं पहिल्यापासून नीट लिहून ठेवा. सहारातल्या अशा दगडांना गावाचं नाव सहसा मिळत नाही, नॉर्थवेस्ट आफ्रिका आणि पुढे नंबर. आमच्या दगडालाही तसाच मिळाला, आणि तो आता डेटाबेसमध्ये कुणालाही बघता येतो.